हार्डवेअर मिररच्या वर सॉफ्टवेअर मिरर: सर्व्हरच्या डेटासाठी दोन्ही एकत्र करावं का?

भोसरी_सर्व्हररूम

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सवडीने वाचा.

भोसरी एमआयडीसीत आमची मशीनिंगची कंपनी आहे, तिथला सर्व्हर मी बघतो. एकच टॉवर सर्व्हर, त्यावर डेबियन, केव्हीएमखाली दोन व्हीएम (आभासी मशीन), एकात विंडोज आणि टॅली, दुसऱ्यात ईआरपीचा पोस्टग्रेस डेटाबेस. शिवाय ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रॅमचं शेअर फोल्डर, सकाळी शॉपफ्लोअरवाले तिथूनच प्रोग्रॅम उचलतात. हे बंद पडलं की नुसतं ऑफिस नाही, अख्खी शिफ्ट बसून राहते.

आत एक रेड कार्ड आहे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं), बॅटरीवालं, आणि त्यावर २ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, दोन्हीवर तोच डेटा, म्हणजे रेड १. आजवर त्रास काही नाही. पण एएमसीवाल्यांचा माणूस परवा सांगून गेला की हे मॉडेल आता नवीन मिळत नाही, कार्ड गेलं तर जुन्या मालातून शोधावं लागेल. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. डिस्क दोन, पॉवर सप्लाय दोन, कार्ड मात्र एकच.

तर विचार असा की हार्डवेअर मिरर आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या वर लिनक्सचा सॉफ्टवेअर मिररही करायचा. तीन रस्ते दिसतात. एक, त्याच कार्डवर अजून दोन डिस्कचा दुसरा हार्डवेअर मिरर, आणि एमडीअ‍ॅडमने (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची, म्हणजे एमडीची, कमांड) ते दोन मिरर एकमेकांचे मिरर, म्हणजे चार कॉप्या. दोन, कार्डवरचा मिरर हा एक पाय आणि मदरबोर्डच्या साटा पोर्टवर एक साधी डिस्क हा दुसरा पाय. तीन, कार्डचं रेड काढूनच टाकायचं, सगळं सॉफ्टवेअरवर. मला दुसरा बरा वाटतोय. कुणी चालवलंय का असं? बजेट आहे, पण नवीन सर्व्हर घेण्याएवढं नाही.

जुना_अ‍ॅडमिन

पहिला पर्याय आधीच खोडून टाका. चार कॉप्या दिसतात पण चारही एकाच कार्डातून जातायत, आणि तुम्हाला भीती कार्डाचीच आहे ना. कार्ड गेलं की चारही डिस्क एकदम दिसेनाशा. त्यात एका लिहिण्याचे चार होतात आणि २ टीबी जागेसाठी ८ टीबी डिस्क विकत घ्यायची.

दोन थर एकत्र करताना एकच गोष्ट बघायची, वरचा थर खालच्याला न झेपणारी गोष्ट सांभाळतोय का. हार्डवेअर मिरर डिस्क सांभाळतो, कार्ड नाही सांभाळत. म्हणून जिथे हे दोन्ही एकत्र शहाणपणाने केलेलं असतं तिथे दोन वेगळी कार्डं असतात, प्रत्येक कार्डाखाली स्वतःचा हार्डवेअर रेड, आणि वर सॉफ्टवेअर मिरर दोन कार्डांमध्ये. एक कार्ड, त्याची केबल, त्याचा बॅकप्लेन (डिस्क खोचायचा बोर्ड) सगळं गेलं तरी दुसरा पाय चालू. तुमचा दुसरा पर्याय त्याच जातीचा आहे, दुसऱ्या कार्डाच्या जागी मदरबोर्डचा कंट्रोलर. दिशा बरोबर आहे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत, ते रात्री सविस्तर लिहितो.

तोवर एक सांगा, त्या दोन डिस्क सॅस (सर्व्हरवाल्या) आहेत की साटा (साध्या पीसीवाल्या)?

भोसरी_सर्व्हररूम

सॅस आहेत.

कोथरूड_कट्टा

मग तर कार्ड गेल्यावर त्या डिस्क मदरबोर्डच्या पोर्टला लागणारच नाहीत. साटा डिस्क सॅस कार्डवर चालते, उलटं चालत नाही, कनेक्टरच बसत नाही. बरेच जण म्हणतात की मिररच आहे, कार्ड मेलं तर एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू, साटा असती तर ते निदान करून बघता आलं असतं. बऱ्याच कार्डांत रेडचा मेटाडेटा (रचनेची नोंद) डिस्कच्या शेवटी असतो, त्यामुळे मिररमधली एकटी डिस्क साध्या पोर्टवरही पार्टिशनसकट दिसते. पण ते संकटात करून बघायचं, त्यावर भरवसा ठेवून प्लॅन नाही करायचा. आणि त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड मिळालं तर ते जुन्या डिस्क बघून फॉरिन कॉन्फिग (दुसऱ्या कार्डावरची रचना) सापडलं म्हणतं, ते इम्पोर्ट करायचं. तिथे घाईघाईत इम्पोर्टऐवजी क्लिअर दाबू नका, क्लिअर म्हणजे मेटाडेटा पुसला.

हडपसर_प्रीप्रेस

मला वेगळंच सांगायचंय, कार्ड जाण्याआधीची गोष्ट.

एका छापखान्याचं काम बघायला गेलो होतो, नाव नको. जिन्याखाली सर्व्हर, वर कागदाची बंडलं. सांगितलं की रेड आहे, काळजी नाही. पुढचं दार उघडलं तर एका डिस्कचा दिवा अंबर. कार्डाच्या टूलमध्ये बघितलं तर व्हर्च्युअल डिस्क डिग्रेडेड, इव्हेंट लॉगप्रमाणे डिस्क जाऊन सहा महिने उलटलेले. म्हणलं कार्डाला बझर असतो, वाजला नाही का? तर म्हणे वाजत होता ना, फार डोक्यात जायचा म्हणून एका मुलाला सांगून बंद करून घेतला. सहा महिने एका डिस्कवर धंदा चालला होता आणि लिनक्सला याचा पत्ता नाही, कारण लिनक्सला एकच डिस्क दिसत होती आणि ती मस्त चालत होती.

हार्डवेअर रेडचं हे सगळ्यात जास्त लक्षात ठेवा. वर सॉफ्टवेअर मिरर केलात तर एमडीस्टॅटमध्ये (सॉफ्टवेअर रेडची स्थिती) यू-यू, म्हणजे दोन्ही पाय ठीक, दिसत राहील, आणि खाली कार्डावरचा मिरर अर्धा मेलेला असेल. एका थराची खबर दुसऱ्याला नसते. दोन थर ठेवायचे तर दोन्हीवर वेगवेगळा पहारा. कार्डाची स्थिती बघायच्या कमांड अशा, ब्रॉडकॉमच्या कार्डांना स्टोरसीएलआय, डेलच्या पर्कला पर्कसीएलआय, एचपीईला एसएसएसीएलआय. एकेका डिस्कची स्मार्ट (तब्येतीची) माहितीही कार्डामागून काढता येते, स्मार्टसीटीएलला डॅश-डी मेगारेड आणि स्वल्पविराम देऊन डिस्कचा नंबर, एचपीईच्या जुन्या कार्डांना मेगारेडच्या जागी सीसीआयएसएस. ते क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) टाकून मेल यायला हवा, माणसाने दिवा बघायला जाण्यावर सोडू नका.

चाकण_नाईटशिफ्ट

हडपसरकर +१. आमच्याकडे पॅट्रोल रीड पण बंद निघालं होतं, म्हणजे कार्ड डिस्कचे कोपरे वाचून बघतच नव्हतं. एक डिस्क बदलली आणि रिबिल्ड करताना कळलं की उरलेल्या डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर आहेत. मिररमध्ये रिबिल्ड म्हणजे उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं, आणि बऱ्याच घरगुती डिस्कच्या कागदावर १०^१४ बिट वाचनामागे एखादी न सुटणारी चूक असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबी. एंटरप्रायझ डिस्कना १०^१५ लिहितात. कोपऱ्यातला खराब सेक्टर आधी कळलेला बरा, दुसरी कॉपी जिवंत असताना.

जुना_अ‍ॅडमिन

आता ते दोन खाचखळगे.

पहिला वेगाचा. सॉफ्टवेअर मिररमध्ये लिहिणं तेव्हाच पूर्ण होतं जेव्हा दोन्ही पायांवर पोचतं. तुमच्या कार्डाला बॅटरीवाला राइट-बॅक कॅश आहे (लिहायचं ते आधी कार्डाच्या मेमरीत घेतो), पोस्टग्रेस एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं लिही, म्हणतो आणि कार्ड लगेच "झालं" म्हणून मोकळं होतं, त्यासाठीच तर कार्डाचे पैसे दिलेले असतात. शेजारी मदरबोर्डवरची साधी फिरती डिस्क बसवलीत की प्रत्येक कमिट तिच्यासाठी थांबणार. राइट-मोस्टली लावलंत तर वाचन तिच्यावरून होत नाही, पण लिहिणं होतंच. राइट-बिहाइंड लावता येतं, त्याला बिटमॅप (कुठले ब्लॉक बदलले त्याची नोंद) लागतो, मग तो पाय थोडा मागे राहू शकतो, पण मग कार्ड नेमकं त्याच क्षणी गेलं तर शेवटची लिहिलेली पानं त्या मागे राहिलेल्या पायावर नसणार. ज्या दिवसासाठी हा पाय ठेवला त्याच दिवशी तो कच्चा. म्हणजे एकतर कार्डाचा वेग सोडा नाहीतर सुरक्षितता थोडी सोडा.

दुसरा जास्त वाईट, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समजा कार्ड मेलं तेव्हा त्याच्या कॅशमध्ये डिस्कवर न उतरलेला डेटा होता. कार्डाने लिनक्सला आधीच "झालं" सांगितलेलं आहे, मदरबोर्डवरच्या पायावर तो डेटा खरोखर लिहिला गेलेला आहे, आणि एमडीने बिटमॅपमधली ती खूण पुसून टाकलेली आहे, कारण त्याच्या हिशेबाने दोन्हीकडे झालं. एमडी कार्डाचा पाय बाद करतो, धंदा दुसऱ्या पायावर चालू राहतो, इथपर्यंत उत्तम. मग तुम्ही जुन्या मालातलं कार्ड आणता, डिस्क इम्पोर्ट करता आणि तो बाद पाय परत जोडायला री-अ‍ॅड करता. री-अ‍ॅड बिटमॅप बघतो आणि पाय बाद झाल्यानंतर जे बदललं तेवढंच कॉपी करतो. जुन्या कार्डाच्या कॅशबरोबर जे मेलं ते त्या यादीत नाहीच. आता मिरर यू-यू दाखवणार, आणि एका पायावर काही ब्लॉक जुने असणार, वाचन कधी या पायावरून कधी त्या. डेटाबेसला यापेक्षा घातक काय असेल? कुठलीही एरर येत नाही.

म्हणून नियम असा की कॅशवालं कार्ड बदललं तर तो पाय कधीही री-अ‍ॅड करायचा नाही. सुपरब्लॉक (त्या डिस्कवरची एमडीची नोंद) पुसायचा, नवीन डिस्क म्हणून अ‍ॅड करायचा आणि पूर्ण कॉपी होऊ द्यायची. १५० एमबी प्रतिसेकंद धरले तर २ टीबीला पावणेचार तासांच्या आसपास, वर व्हीएम चालू असतील तर जास्त. वेळ लागू दे.

सदाशिवपेठी_लिनक्स

उत्तम प्रतिसाद, वाखुसा (वाचनखूण साठवली). कॅशचा हा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता.

थोडी भर. मदरबोर्डवर डिस्क लावणार असाल तर टाइमआउट बघा. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर सापडला की मिनिटभर किंवा जास्तही तोच वाचायचा प्रयत्न करत बसते, आणि लिनक्स डिफॉल्टने ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतो. मग एका सेक्टरपायी अख्खी डिस्क मिररमधून बाहेर. नॅस किंवा एंटरप्रायझ डिस्क घेऊन स्मार्टसीटीएलने एससीटी-ईआरसी (डिस्कने किती वेळात प्रयत्न सोडायचा) ७० वर ठेवा, तो आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क पॉवर गेली की हे विसरतात, प्रत्येक बूटला परत लावायचं. आणि एसएमआरची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क मिररमध्ये नको म्हणजे नको, रिबिल्डला रडवते.

पाषाण_टेकडी

मी सरळ तिसरा पर्याय सुचवेन, आणि एमडी पण नको, झेडएफएस फाइलसिस्टीमचा मिरर करा. कार्ड काढा, त्याजागी एचबीए (रेड न करता डिस्क तशाच दाखवणारं कार्ड) लावा.

कारण मिररला हे कळतं की दोन कॉप्या वेगळ्या आहेत, पण बरोबर कुठली ते कळत नाही. कार्डलाही नाही आणि एमडीलाही नाही. विस्कॉन्सिन आणि टोरांटो विद्यापीठांच्या संशोधकांनी नेटअ‍ॅपबरोबर १५.३ लाख डिस्कचा ४१ महिन्यांचा अभ्यास २००८ मध्ये छापला, त्यात चेकसम (डेटा पडताळायचा आकडा) न जुळल्याच्या ४ लाखांवर घटना सापडल्या. डिस्क म्हणते वाचलं, एरर नाही, पण डेटा चुकीचा. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतो, चुकीची कॉपी ओळखतो आणि बरोबर कॉपीवरून दुरुस्त करतो. पण त्यासाठी त्याला दोन्ही डिस्क उघड्या दिसायला हव्यात. हार्डवेअर मिररवर झेडएफएस बसवलात तर चूक कळेल पण दुरुस्त करायला दुसरी कॉपी त्याच्या हातात नसेल. म्हणून या दोघांचं एकत्र जमत नाही.

जुना_अ‍ॅडमिन

पाषाणसाहेब, चेकसमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. एमडीबद्दल अजून एक सांगतो, तीन कॉप्या असल्या तरी एमडी बहुमत घेत नाही. रिपेअर म्हणालात तर पहिली कॉपी बाकीच्यांवर उतरवतो. लोकांना वाटतं तीन आहेत म्हणजे दोन विरुद्ध एक असा कौल लागेल, तसं नाहीये.

पण भोसरीच्या साहेबांकडे डेबियन आणि एमडी सवयीचं आहे, मशीनची रॅम व्हीएमनी भरलेली असणार, आणि तिथे दुसरा जाणकार माणूस नाही. मला वाटतं संकटात ज्याच्या कमांड हाताला ठाऊक आहेत तेच वापरावं. पोस्टग्रेसला स्वतःचे पेज चेकसम आहेत, आवृत्ती १२ पासून डेटाबेस बंद ठेवून ते नंतरही चालू करता येतात. आणि एमडीखाली डीएम-इंटेग्रिटी (ब्लॉकचे चेकसम ठेवणारा थर) घातली तर चुकीचा ब्लॉक रीड एरर म्हणून वर येतो आणि एमडी दुसऱ्या पायावरून घेतो, फक्त लिहिण्याचा वेग बराच पडतो.

पाषाण_टेकडी

सवयीचा मुद्दा कळतो, तरी मी असतो तर शिकून घेतलं असतं. डेटा वीस वर्षं ठेवायचा असतो, कमांड शिकायला आठवडा पुरतो. असो, एचबीएवर तरी आपलं एकमत आहे.

औंध_आयटी

मदरबोर्डच्या बायोसमध्येच रेडचा ऑप्शन येतो की, तो वापरला तर एक पाय कार्डाचा आणि एक पाय बायोसचा असं नाही का होणार?

सदाशिवपेठी_लिनक्स

तो हार्डवेअर रेड नाही. बूट होईपर्यंत बायोस सांभाळतो, पुढे सगळं काम सीपीयूवर ड्रायव्हर करतो. म्हणजे सॉफ्टवेअर रेडच, फक्त मेटाडेटा त्या कंपनीच्या पद्धतीचा. इंटेलचा तो प्रकार एमडीअ‍ॅडम ओळखतो आणि चालवतोही, पण फायदा काय? लिनक्सच चालवायचं असेल तर साध्या एएचसीआय (बिनरेडच्या) मोडवर ठेवून एमडीचा स्वतःचा मेटाडेटा वापरा, मग डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनवर उचलून न्या.

आणि कार्डाचंही तेच. कार्डाला खरा एचबीए किंवा जेबॉड (डिस्क सुट्या दाखवणारा) मोड आहे का ते बघा. नसेल तर एकेका डिस्कचा एकट्याचा रेड ० करून लिनक्सला देण्याची पद्धत आहे, ती टाळा. कार्डाचा मेटाडेटा राहतोच, स्मार्ट झाकलेलं राहतं, आणि डिस्क दुसरीकडे नेताना परत तेच इम्पोर्टचं प्रकरण.

चाकण_नाईटशिफ्ट

आमच्याकडे दोन थर आहेत आणि ते व्यवस्थित चालतात, पण वेगळ्या रचनेत. दोन सर्व्हर, प्रत्येकात स्वतःच्या कार्डावर हार्डवेअर मिरर, आणि वर डीआरबीडी, म्हणजे नेटवर्कवरून मिरर. डीआरबीडी २.६.३३ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. प्रोटोकॉल सी लावलं की दोन्ही मशीनवर लिहिल्याशिवाय कमिट होत नाही. डिस्क गेली तर कार्ड सांभाळतं आणि नेटवर्कवर २ टीबी परत ओढत बसावं लागत नाही, पूर्ण सर्व्हर गेला तर दुसरा उभा. इथे खालचा थर आणि वरचा थर वेगवेगळ्या कामाचे आहेत. पण दोन मशीनमधली लिंक तुटली आणि दोन्ही स्वतःला मुख्य समजू लागली तर निस्तरणं अवघड, म्हणून ज्यांचा एकच सर्व्हर आहे त्यांनी यात पडू नये. गिगाबिटवर ११० एमबी प्रतिसेकंदाच्या वर जात नाही हेही आलंच.

कोथरूड_कट्टा

डिस्क घेताना एकाच दुकानातून एकाच बॉक्समधल्या दोन घेऊ नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सॅस एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, आणि डेटा परत मिळत नाही. फर्मवेअर अपडेट हाच उपाय. २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. मिररमधल्या दोन्ही एसएसडी एकाच वेळी चालू केलेल्या असतील तर त्यांचे तासही बरोबरीने भरणार. हार्डवेअर मिरर, सॉफ्टवेअर मिरर, काहीही असो, दोन्ही पाय एकदमच बसतील. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या आणि फर्मवेअरच्या सूचना वाचत जा.

भोसरी_सर्व्हररूम

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सगळं वाचून आणि मालकांशी बोलून विचार बदललाय. मला मुळात हवं होतं ते म्हणजे एक कार्ड गेलं तरी काम चालू राहावं. त्याला दोन थर लागत नाहीत, दोन रस्ते लागतात. बरोबर समजलोय ना?

मग असं करतोय. कार्डाला एचबीए मोड आहे, तपासलं. ईआरपी आणि दोन्ही व्हीएमसाठी दोन साटा एसएसडी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एक कार्डावर आणि एक मदरबोर्डच्या पोर्टवर, एमडीचा रेड १. ड्रॉइंगसाठी जुन्या दोन सॅस डिस्क कार्डावर राहतील, आणि मदरबोर्डवर एक २ टीबीची नॅसवाली साटा डिस्क, तिघींचा मिळून एमडी मिरर, मदरबोर्डवरची राइट-मोस्टली. कार्ड मेलं तर दोन्ही मिररचा एकेक पाय मदरबोर्डवर उरतो. कार्डाचा बॅटरी कॅश जाणार, त्याचं काय ते सांगा. आणि इथे गुरुवारी सुट्टीला लाईट जाते अधूनमधून, यूपीएस आहे पण तो किती ताणेल सांगता येत नाही.

जुना_अ‍ॅडमिन

बरोबर समजलात. एक थर, दोन रस्ते.

कॅशची उणीव एसएसडी भरून काढतील, पण एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच घ्या, म्हणजे आत कपॅसिटर असतात आणि लाईट गेली तरी हातातलं लिहून संपवतात. साध्या एसएसडीवर एफसिंक एकतर हळू होतो नाहीतर खोटा होतो. तसंही कार्डाची बॅटरी म्हातारी झाली किंवा तिचा लर्न सायकल (बॅटरीची चाचणी) चालू झाला की बरीच कार्डं आपोआप राइट-थ्रूवर (कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर) जातात आणि लोक म्हणतात आज ईआरपी हळू का. ती कटकट संपली. यूपीएसला एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा, बॅटरी खाली जायच्या आत व्हीएम नीट बंद झाल्या पाहिजेत.

बदलताना क्रम सांभाळा. आधी पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, टॅलीची कंपनी उघडते का, पोस्टग्रेसचा डंप रिस्टोअर होतो का. मग दोन्ही एसएसडी आधी मदरबोर्डवरच लावून मिरर करा, व्हीएम तिकडे हलवा, आठवडाभर चालू द्या. नंतर एक कार्डावर न्या. एमडी पोर्ट बघत नाही, यूयूआयडी बघतो, त्याला फरक पडत नाही. ड्रॉइंगचा मिरर साटा डिस्कवर मिसिंग देऊन डिग्रेडेड (बाकीच्या पायांच्या जागा रिकाम्या ठेवून) बनवा, डेटा कॉपी करा, पडताळा, मगच कार्ड एचबीए मोडमध्ये टाका, कारण त्या क्षणी जुना हार्डवेअर मिरर संपतो. त्या काळात ड्रॉइंगची एकच चालू कॉपी आणि एक बॅकअप असेल, हे काम सुट्टीच्या दिवशीच. पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत नेऊ नका, जीबीभर सोडा, पुढे दुसऱ्या कंपनीची २ टीबी डिस्क थोडी लहान निघाली तर अडणार नाही.

सदाशिवपेठी_लिनक्स

बूट विसरू नका! डेटा दोन रस्त्यांवर आणि बूटलोडर एकाच डिस्कवर, असं फार ठिकाणी असतं. युईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असेल तर ईएफआय पार्टिशन दोन्ही एसएसडीवर हवं. त्याचा एमडी मिरर करायचा तर मेटाडेटा १.० वापरा, तो शेवटी असतो, फर्मवेअरला पार्टिशन साधं फॅट म्हणूनच दिसतं. १.२ चा मेटाडेटा सुरुवातीला ४ केबीवर असतो, तिथे फर्मवेअरला काही कळणार नाही. आणि बायोसच्या बूट यादीत दोन्ही नोंदी आहेत का बघा.

हडपसर_प्रीप्रेस

आणि बॅकअप रोजचा, मिरर झाला म्हणून बंद करू नका. कुणी फोल्डर डिलीट केलं किंवा रॅन्समवेअर आलं तर मिरर तेही इमानदारीत तिन्ही डिस्कवर करतो. एक कॉपी भोसरीच्या बाहेर ठेवा.

भोसरी_सर्व्हररूम

अपडेट देतो. सगळं बसवून झालं. गुरुवारी कंपनी बंद असताना सर्व्हर बंद करून कार्ड चक्क स्लॉटमधून उपसून काढलं आणि पॉवर दिली. पहिल्यांदा बूट यादीत दुसरी नोंद नव्हती, सदाशिवपेठी म्हणाले तेच, ती घातल्यावर मदरबोर्डवरच्या एसएसडीवरून उठला. एमडीस्टॅटमध्ये एका मिररला यू-अंडरस्कोर, दुसऱ्याला तीनपैकी एकच यू. टॅली उघडली, ईआरपी उघडलं, ड्रॉइंग उघडली. कार्ड परत लावलं, री-अ‍ॅड केलं, एसएसडीचा पाय मिनिटभरात सिंक झाला.

एक शंका राहिली. पुढे कधी डिस्क गेलीच तर बाहेरून नेमकी कुठली काढायची हे कसं ओळखायचं? कार्ड असताना ते दिवा लावायचं. आणि परत लावताना री-अ‍ॅड केलं ते चाललं ना, तुमचा नियम आठवला नंतर.

जुना_अ‍ॅडमिन

री-अ‍ॅड चाललं, कारण आता कार्डात कॅश मध्ये नाही आणि तुम्ही मशीन नीट बंद करून कार्ड काढलं होतं. तरी एकदा चेक चालवा आणि मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या जागांचा आकडा) बघा. एसएसडीच्या मिररवर शून्य यायला हवा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) त्याच मिररवर असेल तर थोडा आकडा येऊ शकतो, त्याने घाबरू नका. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतःहून चेक चालवतो, ते बंद करू नका.

डिस्क ओळखायला सिरीयल नंबर. एलएसबीएलके कमांडमध्ये सिरीयलचा कॉलम दाखवता येतो, ते नंबर आजच प्रिंट करून प्रत्येक ट्रेवर चिकटवा, एसडीए एसडीबी लिहू नका, ती नावं बूटला बदलतात. बॅकप्लेन साथ देत असेल तर लेडसीटीएल लोकेटने दिवाही लागतो. आणि डिस्क ओढण्याआधी एमडीअ‍ॅडमने ती फेल आणि रिमूव्ह केलेली असली पाहिजे.

आणि मेल येतो का ते बघितलंत का? एमडीअ‍ॅडमला मॉनिटर, स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट द्या, प्रत्येक मिररमागे एक टेस्ट मेल यायला हवा, म्हणजे दोन. स्पॅममध्ये पण बघा.

भोसरी_सर्व्हररूम

एकच आला, दुसरा स्पॅममध्ये सापडला. पाठवणाऱ्याचा पत्ता मेल सर्व्हरवर सुरक्षित यादीत टाकलाय आणि मालकांचाही पत्ता जोडलाय. आता दोघांच्याही इनबॉक्समध्ये दोन-दोन आले.